जत्रेतली लाकडी भातुकली: दोन लहानग्यांसाठी एक पेटी पुरते का?

नाही पुरत. रंग, घडण, वजन सगळं चांगलं. पण पेटीत प्रत्येक वस्तू एकेकच असते आणि दीड ते अडीच वर्षांच्या जोडीसाठी तोच मोठा दोष. या वयात शब्द मोजके: ‘घे’, ‘दी’ (दे), ‘नाका’ (नको). खरी बोलणी हातांनी चालतात. एक जण झाकण आपटतो, दुसऱ्याकडे बघतो, थांबतो. दुसरा तसंच आपटतो आणि दोघं खिदळतात. हा संवाद व्हायला दोघांच्या हातात एकसारखी वस्तू लागते. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ जॅकलीन नादेल यांनी प्रयोगांत मुलांना प्रत्येक वस्तू जोडीने दिली, ती नकलेतून चालणारा हाच संवाद पाहण्यासाठी.

म्हणून पेटीऐवजी सुटे नग घ्या: दोन तवे, दोन टोपं, दोन डाव. एवढंच पुरे. जातं मात्र एकच असतं आणि ओढाओढ हमखास त्यावरूनच. दुसऱ्याच्या हातात फिरणारं जातं जिवंत वाटतं. त्यात दुष्टपणा नसतो. जोडीने खेळताना ते फळीवर ठेवा. त्याचा खुंटा सैल असतो, तोही तपासा: ३१.७ मिमी व्यासाच्या चाचणी-नळीत पूर्ण मावणारा तुकडा तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतो. पेटीतली इवली झाकणं याच कारणाने बाद. ‘स्वयंपाकाला’ चणे नकोत, जास्वंदीची फुलं द्या.

वसरीवर चटई घालून दोघांना समोरासमोर, हात पोचेल इतक्या अंतरावर बसवा. मोठ्या माणसाने बाजूला बसावं आणि गप्प राहावं (घरात सर्वांत कठीण काम हेच). ओढाओढ झाली तर मनात दहा अंक मोजा. चावा किंवा फटका दिसला तर लगेच हात घाला.

स्टीलची भातुकली टिकाऊ, पण तिच्या खणखणाटात मुलांचे हुंकार बुडतात. लाकडाचा टकटक आवाज बरा. पावसाळ्यात मात्र घट्ट झाकणं फुगून अडकतात. भिजवू नका, कोरड्या फडक्याने पुसा. लाखेचा पोपडा निघालेला नग बाजूला काढा.

दुसरा संच परवडत नसेल तर घासून गुळगुळीत केलेल्या करवंट्या घ्या, पण एकाच नारळाच्या दोन अर्ध्या नकोत. एकीला डोळे असतात.