पेनवाला टॅब, लॅपटॉप की टू-इन-वन: सांगलीतल्या एका घराचा हिशेब

जूनमध्ये दाजींचा फोन आला. “पोरीला कॉलेजला टॅब पाहिजे, मला दुकानात कॉम्प्युटर. एकातच बसवा की, पाव्हणं.” दाजींची मार्केट यार्डात हळदीची अडत आहे आणि भाची बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घेऊन बसलीय. दोघांच्या गरजा वेगळ्या आणि पैसे एकाच खिशातले. पुढचे आठ दिवस माझे तुलना करण्यातच गेले.

“टॅब म्हणजे कॉम्प्युटरच का?” हा दाजींचा पहिला प्रश्न. विंडोजवर पेनने लिहायचे टॅब्लेट पीसी मायक्रोसॉफ्टने २००२ मध्येच आणले होते. जड नि महाग निघाले, फारसे कुणी घेतले नाहीत. २००७ मध्ये आयफोन दाखवताना ॲपलच्या स्टीव्ह जॉब्जनी स्टायलसची, म्हणजे स्क्रीनवर लिहायच्या पेनची, भर सभेत टर उडवली. आठ वर्षांनी त्यांच्याच कंपनीने आयपॅड प्रोसोबत पेन्सिल विकायला काढली. २०२१ च्या आयपॅड प्रोमध्ये तर मॅकबुक एअर लॅपटॉपमधलीच एम१ चिप आली. म्हणजे आतल्या यंत्राकडे बघून आता काही ठरत नाही. मी दाजींना उलटं विचारलं, तुम्ही केलेलं काम पुढे कुणाकडे जातं? काम स्वतःपुरतं असेल तर टॅब हा पुरेपूर कॉम्प्युटर आहे. सीए किंवा छापखानावाला त्याला हवी तशीच फाइल मागायला लागला, की गाडी अडते.

भाचीचं काम स्वतःपुरतं. पानभर डेरिव्हेशन, मध्येच आकृती, सरांच्या पीडीएफवर समासात टिपणं. लॅपटॉपवर इंटिग्रलची चिन्हं एकेक शोधून टाकेपर्यंत सर फळा पुसून मोकळे होतात. इथं पेनला तोड नाही. पण पेन खरं पाहिजे. शंभर-दोनशेला मिळते ती रबरी टोकाची कांडी म्हणजे नुसतं बोटच. तळहात काचेवर टेकला की भलतीकडे रेघ उमटते. सॅमसंगच्या एस पेनला लिहिण्यासाठी बॅटरी लागत नाही, स्क्रीनच्या चुंबकीय क्षेत्रावर ते चालतं, आणि टॅब एस६ लाइटसारख्या मॉडेलच्या खोक्यातच मिळतं. ॲपलची पेन्सिल वेगळी विकत घ्यायची, चार्ज करायची, आणि आपल्या आयपॅडला कुठली चालते ते आधी बघायचं. त्यातल्या यूएसबी-सी पेन्सिलला दाब कळत नाही. गणिताला त्याचं काही अडत नाही, चित्रं काढणाऱ्याला मात्र अडतं.

काचेवर पेन घसरतं, अक्षर पहिले दोन आठवडे कोंबडीच्या पायासारखं येतं. मॅट फिल्म लावली की कागदासारखी पकड येते, पण पेनचं टोक लवकर झिजतं. मराठी अक्षराचं टाइपात रूपांतर गुगलच्या जीबोर्डवर होतं. दोन ओळींचा मेसेज ठीक, दहा पानांचा निबंध त्यात लिहायला बसू नये.

दाजींची बाजू दोन मिनिटांत आटपली. हिशेबाचं टॅली सॉफ्टवेअर विंडोजवर बसतं. क्लाउडवर भाड्याने घेतलं तर टॅबवरही उघडतं, पण महिन्याचं भाडं नि पेठेतलं नेट दोन्ही सांभाळा. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन, पावत्यांचा प्रिंटर, सीएला पाठवायचा बॅकअप, हे सगळं साध्या लॅपटॉपवर निमूट चालतं. पुढेमागे भाचीला सरकारी टायपिंगची परीक्षा द्यायची झाली तर खराखुरा कीबोर्ड लागणारच.

मग एकातच दोन्ही? मायक्रोसॉफ्टचा सरफेस प्रो किंवा स्क्रीन पाठीमागे दुमडणारे लॅपटॉप, म्हणजेच टू-इन-वन, दुकानात फार देखणे वाटतात. विंडोज पूर्ण, टॅली चालतं, पेनही चालतं. पण पेन बहुतेक वेळा वेगळं घ्यावं लागतं. दुमडणारा लॅपटॉप दीड किलोच्या आसपास भरतो, वर्गात हातावर धरून लिहून बघा म्हणजे कळेल. सरफेसला मागचा टेकू. मिरजेच्या बसमध्ये तो मांडीवर ठरत नाही. रॅम बहुतेकांत चिकटवलेली, नंतर वाढवता येत नाही. आणि सगळ्यात मोठी अडचण यंत्राची नाहीच: सकाळी सौद्याच्या वेळेला ते दुकानात हवं, आणि त्याच वेळेला भाचीचं लेक्चर.

शिकवणी घेणाऱ्यांसाठी चौथा रस्ता आहे, त्याबद्दल दुकानदार आपणहून बोलत नाहीत. घरात लॅपटॉप असेल तर तीन-चार हजारांच्या आसपासचा, बिनस्क्रीनचा पेन-पॅड यूएसबीला जोडा. हात टेबलावर, नजर समोर. सवयीला पंधरा दिवस लागतात. ऑनलाइन गणित शिकवायला मी स्वतः तोच वापरतो. झोपून वाचत टिपणं काढायला मात्र तो कामाचा नाही.

शेवटी भाचीला सोबत पेन मिळणारा मधल्या किमतीचा टॅब घेतला नि दुकानाला वॉरंटीवाला रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण नीट करून विकलेला, लॅपटॉप. बऱ्या टू-इन-वनचा जो भाव आम्हाला सांगितला होता, त्यात दोन्ही बसलं. गेल्या रविवारी दाजींनी भाचीचा टॅब ओढून घेतला, पेनने झोकात हिशेबपट्टी लिहिली आणि मला विचारलं, “आता ही टॅलीत कशी घालायची?”

“टाइप करून,” भाची म्हणाली.