दारू सोडायची: आरतीत की वॉर्डात?

१९३०च्या दशकात नंदुरबार जिल्ह्यातल्या तळोद्याजवळच्या मोरवडला आदिवासी संत गुलाम महाराजांच्या आरतीला भिल्ल समाज हजारोंनी जमायचा आणि दारू सोडायचा. एकमेकांना ‘आप’ म्हणायचं, एवढाच काय तो औषधोपचार! पण जोर त्यातच होता. अख्खा पाडा एकदम सोडतो, तेव्हा ‘घे रे थोडी’ म्हणणारा उरतच नाही. शिवाय मोहाची दारू देवाला धार म्हणून वाहायला लागते, लग्नातही लागते. त्या रीतीला पर्याय समाजातूनच निघू शकतो, डॉक्टरच्या चिठ्ठीतून नाही.

सरकारी दवाखान्यात हे काही नाही. मराठीत विचारलेले प्रश्न, भिलोरी-पावरी या इथल्या बोलींत अडखळणारी उत्तरं, आणि धडगावहून नंदुरबारचा घाट.

तरीही एका बाबतीत वॉर्डच हवा. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम सोडली की हात थरथरतात, झटके येतात. दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. तिथे शपथ कामाची नाही, गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन लागतं. (भगताकडे नेण्यात वेळ घालवू नका.) मला विचाराल तर पहिला आठवडा वॉर्डात, पुढची वर्षं आरतीत. घाट उतरणं जमत नसेल तर निदान १४४१६ लावा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो.