घरचा साबण वर्षभर वापरल्यावर: सांगलीच्या पाण्यात काय चाललं, काय नाही

गेल्या उन्हाळ्यापासून आमच्याकडे अंगाचा साबण विकत आणलेला नाही. घरीच करते, कोल्ड प्रोसेसने. म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा एकत्र करायचं, गॅसवर शिजवत बसायचं नाही. सोप बेस वितळवून, रंग-वास घालून साच्यात ओतायचा जो प्रकार क्लासमध्ये शिकवतात, तो हा नव्हे. तो साबण आधीच कारखान्यात झालेला असतो. सुट्टीत पोरांना गुंतवायला छान आहे, पण मी लिहितेय ते त्याबद्दल नाही.

निकाल आधीच सांगून टाकते. अंगासाठी पसंत, कपड्यांसाठी फारच पसंत, केसांसाठी नापसंत. आणि पैसे वाचतील म्हणून कुणी करणार असेल तर राहू द्या. खोबरेल तेलाचे भाव २०२५ मध्ये जिथे जाऊन बसले ते बघता दुकानातली वडी स्वस्तच पडते.

खरा प्रश्न पाण्याचा. आमच्या इमारतीत कृष्णेचं नळाचं पाणी येतं आणि ते कमी पडलं की बोअर सुरू होतं. बोअरचं पाणी इतकं जड की बादलीच्या कडेला पांढरा चिकट थर बसतो. पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि त्याची मळी होते. यूट्यूबवरच्या बऱ्याच रेसिपी परदेशी, ऑलिव्ह तेलावर बेतलेल्या. ऑलिव्हचा फेस मुळातच कमी आणि बुळबुळीत. बोअरच्या पाण्यात तो दिसतसुद्धा नाही. शिवाय ऑलिव्हचा भाव! याउलट खोबरेलाचा साबण खाऱ्या पाण्यातही फेसाळतो. पण खोबरेल अर्ध्याच्या वर नेलं की थंडीत पोटऱ्यांवर नखाने पांढऱ्या रेघा उमटायला लागतात. शेवटी माझं प्रमाण ठरलं ते असं: किलोभर तेलात ३५० ग्रॅम खोबरेल, ५५० ग्रॅम घाण्याचं शेंगतेल, १०० ग्रॅम एरंडेल. शेंगतेलाने साबण जरा मऊ राहतो, वाळायला वेळ घेतो, पण अंगाला ओढ बसत नाही. एरंडेलाने फेस टिकतो.

आता कॉस्टिकचा हिशेब. प्रत्येक तेलाचा आकडा वेगळा असतो. एक किलो खोबरेलाला साधारण १८३ ग्रॅम लागतं, शेंगतेलाला १३६, एरंडेलाला १२८. वरच्या प्रमाणाला १५२ ग्रॅमच्या आसपास येतं. त्यातलं पाच टक्के मुद्दाम कमी घ्यायचं, म्हणजे १४४. तेवढं तेल साबण न होता शिल्लक राहतं आणि कातडी कोरडी पडत नाही. याला सुपरफॅट म्हणतात. पाणी कॉस्टिकच्या दुप्पट, २९० ग्रॅमच्या आत-बाहेर. वाटी-चमच्याचं माप इथे चालत नाही, तेलसुद्धा मिलिलिटरमध्ये नाही, ग्रॅममध्येच. पहिला खर्च करायचा तो एक ग्रॅम दाखवणाऱ्या वजनकाट्यावर. सिलिकॉनचे गुलाबाच्या आकाराचे साचे नंतर घ्या, किंवा घेऊच नका. बटर पेपर लावलेलं खोकं पुरतं, सुरीने वड्या पाडता येतात.

कॉस्टिक केमिकलच्या दुकानातून, निव्वळ सोडियम हायड्रॉक्साइड मागून घ्यायचं. तुंबलेलं ड्रेनेज मोकळं करायची पावडर त्याजागी वापरू नये, तिच्यात बाकी काय काय असतं. डबा घट्ट झाकणाचा हवा, नाहीतर ते हवेतली ओल ओढतं आणि वजनाचा हिशेब चुकतो. पाण्यात कॉस्टिक टाकायचं, कॉस्टिकवर पाणी कधीही ओतायचं नाही. मी हे गॅलरीत करते, हातमोजे आणि चष्मा घालून. कॉस्टिकचे पापुद्रे पाण्यात पडले की ते आधी गढूळ होतं, पातेलं बाहेरून हात लावू देत नाही इतकं तापतं, आणि पहिली दोन-तीन मिनिटं घशाला लागणारी वाफ येते. तेवढ्यात तोंड बाजूला. मग हळूहळू पाणी काचेसारखं नितळ होतं. पातेलं स्टीलचंच. जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं कॉस्टिक खातं आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. हातावर थेंब उडालाच तर व्हिनेगर शोधत बसू नये, नळाखाली धरून भरपूर धुवावं.

तेल आणि कॉस्टिकचं पाणी, दोन्ही चाळीस-पंचेचाळीस अंशांवर आलं की एकत्र करून हँड ब्लेंडर. मिश्रण पातळ पिठल्यासारखं झालं आणि वरून सोडलेली धार क्षणभर वर दिसली की थांबायचं. ओतलं की दुसऱ्या दिवशी वड्या पडतात, पण वापरायला चार ते सहा आठवडे. शेंगतेल जास्त असल्याने मी सहाच धरते. घाईने काढलेली वडी ओल्या साबणदाणीत आठवड्यात विरघळते.

रंगाचं सांगायलाच हवं, कारण सांगलीत राहून हळद न घालणं जमलं नाही. चिमूटभर हळद पडली आणि मिश्रण लालसर झालं. सासूबाई शेजारीच होत्या. "अगं, हळदीला खार लागला की लाल होणारच. कुंकू कसं करतात मग?" पुढे वाळताना तो रंग केशरीवर येतो आणि उन्हात ठेवलं तर उडतो. कडुलिंबाची, तुळशीची पावडर हिरवी राहत नाही, तपकिरी होते. गुलाबपाकळ्या काळ्या पडतात. फोटोत बघितलेलं कुणी मनावर घेऊ नये.

पावसाळ्यात, जेव्हा सगळं गाव आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी किती ते विचारत असतं, तेव्हा वड्यांना घाम सुटतो. घरच्या साबणातलं ग्लिसरीन काढून घेतलेलं नसतं, ते हवेतली ओल धरतं. साबण खराब झालेला नसतो, पण हाताला चिकट लागतो. जाळीच्या साबणदाणीशिवाय इलाज नाही.

केसांना लावून पाहिला. बोअरच्या पाण्याने केस चिकट, कंगवा अडकतो. शिकेकाईवर परत आले. कपड्यांसाठी मात्र निव्वळ खोबरेलाची, सुपरफॅट जवळजवळ शून्यावर ठेवलेली वेगळी बॅच करते. शर्टाची कॉलर त्याने जशी निघते तशी आमच्या नेहमीच्या बारने निघत नव्हती. जाऊबाईंनी हाच साबण मागून नेला, अंगाचा नाही.

"विकायला का नाही सुरू करत?" हे प्रत्येकजण विचारतो. आंघोळीचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनात येतो, विकण्यासाठी करायचा तर कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० प्रमाणे उत्पादनाचा परवाना लागतो. पाहुण्यांना दोन वड्या देणं वेगळं आणि लेबल लावून प्रदर्शनात टेबल मांडणं वेगळं. मला ते करायचं नाही.

कुणाला सुरुवात करायची असेल तर अर्धा किलो तेलाची बॅच घ्या, वास-रंग काही नको, आणि मार्चमध्ये करा. एप्रिलच्या कोरड्या हवेत वड्या खडखडीत वाळतात. जूनमध्ये ओतलेल्या ओल्याच राहतात आणि मग माणूस साबणालाच दोष देतो.