पाण्यावरचा सूर्यास्त: नक्कल बुदँची करावी की व्हिसलरची?

सॉफ्ट पेस्टलमध्ये, म्हणजे मऊ रंगखडूंनी, पाण्यावरचा सूर्यास्त जमवायचा, तर जुन्या चित्रांची नक्कल करण्यासारखा सराव नाही. आणि एकोणिसाव्या शतकात शोधू लागले की नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरचा युजेन बुदँ आणि व्हेनिसमध्ये वर्षभर राहिलेला जेम्स व्हिसलर ही दोन नावे पुढे येतात. मी दोघांच्याही नकला केल्या आहेत.

बुदँचे सारे वैभव आकाशात आहे. क्षितिज कागदाच्या तळाशी, त्याखाली समुद्राची अरुंद पट्टी, आणि वर नुसते ढग. ही पेस्टल्स पाहून फ्रेंच कवी बोदलेअरने १८५९ साली लिहिले होते की, कडेला टिपलेली तारीख, वेळ आणि वारा हाताने झाकले तरी ऋतू, प्रहर आणि वाऱ्याची दिशा ओळखता येईल. हे कौतुक अवाजवी नाही, हे नक्कल करतानाच कळते.

माझे घोडे अडले ते सूर्याजवळ. पिवळा, नारिंगी आणि ढगाचा करडा-जांभळा जिथे एकमेकांत विरतात, तिथे तिसऱ्या थरालाच कागदाचा दाणा (खडूला धरून ठेवणारा खरखरीतपणा) भरून जातो आणि पुढचा खडू नुसता घसरतो. बोटाने मिसळावे, तर बोटावरचा जांभळा पिवळ्यात उतरतो आणि ऐन उजेडाची जागा गढूळ होते. फिक्सेटिव्ह (खडू पक्का करणारा फवारा) मारून पुन्हा पकड आणावी, तर पिवळ्याचे तेज उतरते. चार कागद मी याच दोन बोटांच्या जागेपायी फेकले. दोष कदाचित माझ्या कागदाचा किंवा हाताचाही असेल.

व्हिसलरकडे ही अडचण जवळजवळ येतच नाही. लंडनच्या फाइन आर्ट सोसायटी या कलादालनाने त्याला १८७९ मध्ये व्हेनिसला धाडले ते बारा एचिंग (धातूच्या पत्र्यावर कोरून काढलेली छापचित्रे) करून आणण्यासाठी, आणि हा गृहस्थ सव्वा वर्षाने परतला तो शंभरेक पेस्टल्सही घेऊन. त्यांतली ५३ पेस्टल्स जानेवारी १८८१ मध्ये याच सोसायटीत मांडली गेली. लहानसा तपकिरी कागद, काळ्या खडूच्या मोजक्या रेषा, रंग हवा तिथेच, आणि बाकीचा कागद कोराच. संध्याकाळचा काळोख कागदातच असल्यामुळे नारिंगीची एक रेघ ओढली तरी ती पेटते, आणि दाणा भरण्याची वेळच येत नाही. उणीव अशी की रेषा चुकली तर झाकायला काहीच नसते, आणि घरच्यांना चित्र अर्धवट वाटते.

ज्याला ढगांचाच ध्यास आहे, त्याने अर्थात बुदँकडे जावे. एरवी तपकिरी कागदाचे तळहाताहून थोडे मोठे चार तुकडे कापून व्हिसलरपासून सुरुवात करणे बरे, असे मला वाटते. मात्र पाण्यावरच्या रेघांना बोट लावू नये. माझ्या पहिल्या नकलेत मी ते लावले, आणि कालव्याच्या जागी चहाचा डाग उमटला.