एमआरटीजी : आलेख देखणे, पण आकडे एकदा पडताळून घ्यावेत

राउटर आणि स्विचवरील वाहतूक मोजून तिचे आलेख काढणारे एमआरटीजी, म्हणजे मल्टी राउटर ट्रॅफिक ग्राफर, हे विनामूल्य साधन टोबियास ओटिकर यांनी 1995 मध्ये प्रसिद्ध केले आणि लहान कार्यालयांच्या व महाविद्यालयांच्या सर्व्हरवर ते अजूनही चालताना दिसते. जुन्या, कमी मेमरीच्या यंत्रावर ते तक्रार न करता चालते, सुमारे दोन वर्षांचा तपशील ठेवूनही त्याची नोंदवही फुगत नाही, आणि येणारी वाहतूक हिरव्या व जाणारी निळ्या रंगात दाखवणारा आलेख कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. मांडणी जुनाट आहे, पण मला ती खटकत नाही.

खटकते ते वेगळेच. मूळ मांडणीत, म्हणजे काहीही न बदलता, हे साधन एसएनएमपीच्या (जाळ्यातील उपकरणांकडून माहिती विचारून घेण्याच्या ठरलेल्या पद्धतीच्या) पहिल्या आवृत्तीतून दर पाच मिनिटांनी उपकरणाचा बाइट-गणक, म्हणजे किती बाइट गेले-आले याची चढती मोजणी, वाचते, आणि त्या आवृत्तीत हा गणक 32 बिटांचाच असतो. 4,29,49,67,295 या आकड्यानंतर तो शून्यावर येतो, म्हणजेच ‘उलटतो’. गणक एकदाच उलटला असेल तर एमआरटीजी हिशेब बरोबर लावते : आधीचे वाचन 4,20,00,00,000 आणि आताचे 15,00,00,000 असेल, तर मधली वाहतूक 24,49,67,296 बाइट, म्हणजे सरासरी साडेसहा मेगाबिट प्रतिसेकंद, हे ते अचूक काढते. मात्र दोन वाचनांच्या मध्ये गणक दोनदा उलटला, किंवा एकदा उलटून पुन्हा आधीच्या वाचनापुढे गेला, तर ते कळण्याचा कोणताही मार्ग त्याच्याकडे उरत नाही.

पूर्ण वेगाने वाहणाऱ्या 10 मेगाबिटच्या जोडणीवर गणक उलटायला सुमारे 57 मिनिटे लागतात, 100 मेगाबिटवर पावणेसहा मिनिटे, तर गिगाबिटवर जेमतेम 34 सेकंद. पाच मिनिटांच्या अंतराने वाचन होत असेल तर सुमारे 114 मेगाबिटपर्यंतच आलेखावर विश्वास ठेवता येतो. त्यापुढचे चित्र फसवे असते : सलग 200 मेगाबिट वाहत असताना आलेख सुमारे 85 दाखवतो, आणि 230 मेगाबिटला तर एक मेगाबिटही भरत नाही. म्हणजे जोडणी सर्वाधिक व्यग्र असते नेमक्या त्या वेळी ती रिकामी दिसू शकते, आणि पडद्यावर चुकीचा इशारा तर सोडाच, साधी शंकाही उमटत नाही. 1995 च्या काळात हे चालून गेले असेल. आज ही मूळ मांडणी तशीच ठेवणे मला गैर वाटते.

उपाय मात्र साधनातच आहे. कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लक्ष्याच्या, म्हणजे मोजायच्या उपकरणाच्या, पत्त्यापुढे पाच कोलन आणि 2 हा आकडा लिहिला की एसएनएमपीची दुसरी आवृत्ती वापरली जाते, आणि उपकरणात सोय असल्यास 64 बिटांचे गणक वाचले जातात. हे गणक व्यवहारात उलटत नाहीत, आणि 20 मेगाबिटपेक्षा वेगवान जोडण्यांवर ते असलेच पाहिजेत, असे इंटरनेटच्या तांत्रिक नियमांच्या दस्तऐवजमालेतील 2000 सालचे आरएफसी 2863 हे मानक सांगते. जोडीला कमाल वेगाची मर्यादाही नीट लिहावी, कारण राउटर बंद पडून पुन्हा सुरू झाला की शून्यावर आलेला गणक ‘उलटला’ असे समजले जाते आणि त्यातून निघणारा अवास्तव मोठा आकडा ही मर्यादाच अडवते.

केवळ पहिली आवृत्ती बोलणारे जुने स्विच ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी 100 मेगाबिटच्या पोर्टसाठी एमआरटीजी निर्धास्तपणे वापरावे. त्याच स्विचवरील गिगाबिट अपलिंकचा (स्विचला राउटरशी जोडणाऱ्या मुख्य जोडणीचा) आकडा मात्र पलीकडच्या टोकाला असलेल्या नव्या राउटरवरून घ्यावा. तिथली ‘आलेली’ वाहतूक हीच इथली ‘गेलेली’ असते.