नेपल्समधल्या स्वस्त हॉटेलात चार रात्री: लिफ्टसाठी सुट्टे ठेवा

फोनवरचा नकाशा "पोचलात" म्हणत होता आणि समोर हॉटेलच नव्हतं. बारा-पंधरा फूट उंच काळपट लाकडी दरवाजा, त्यावर कुणीतरी चिकटवलेला माराडोनाचा फोटो, आणि बाजूला बटणांची पितळी पाटी. एक बटण दाताच्या डॉक्टरचं, एक वकिलाचं, मग पाच-सहा आडनावं, आणि सगळ्यात खाली सेलोटेपने लावलेल्या चिठ्ठीवर आमच्या हॉटेलचं नाव. रात्रीचे साडेदहा वाजले होते. बटण दाबलं. "तेर्त्सो पियानो!" असा बाईचा आवाज आला, म्हणजे तिसरा मजला, आणि त्या अवाढव्य दारातलंच एक छोटं दार खट्कन उघडलं. माझ्या थोरल्या जाऊबाई वाकून आत शिरल्या आणि म्हणाल्या, "अगं, हा तर दिंडी दरवाजा!"

नेपल्सच्या जुन्या गावात ६०-७० युरोत खोली घेतली की काय मिळतं, ते या एका वाक्यात आलं. हॉटेल मिळत नाही, वाड्याचा एक मजला मिळतो. दिंडीतून आत गेलं की देवडी, तिथे बंद पडलेली चौकीदाराची काचेची खोली, पुढे फरसबंद चौक, चौकात चार स्कूटरी आणि एक बुजवलेली विहीर, मग दगडी जिना. बाकीच्या मजल्यांवर माणसं राहतात, भांडतात, लसूण परततात. आपण त्यांच्यात चार दिवसांचे भाडेकरू.

नाव देत नाही. तक्रारी बऱ्याच आहेत, आणि मालकीणबाईंशी शेवटी आमची गट्टी जमली होती. शिवाय व्हिया देई त्रिबुनाली या रस्त्यावर आणि त्याच्या दोन्ही अंगांच्या गल्ल्यांत अशा जागा पैशाला पासरी आहेत. जे इथे अनुभवलं ते थोड्याफार फरकाने तिथेही भेटेल.

आम्ही दोघी ८ ते १२ नोव्हेंबर होतो. डबल खोली, नाश्त्यासकट, रात्रीला ६८ युरो. त्याखेरीज शहराचा मुक्काम-कर, दर माणशी दर रात्री. तो बुकिंगच्या रकमेत धरलेला नसतो, जागेवर द्यावा लागतो आणि आमच्या बाईंना रोखच हवा होता. हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते असं, की रात्री आठनंतर पोचलं तर वीस युरो जादा. बारीक अक्षरात, अगदी तळाशी लिहिलेलं निघालं. मी आयुष्यभर बँकेत लोकांना बारीक अक्षरं वाचायला सांगत आले, त्यामुळे तोंड उघडायची सोय नव्हती. मुकाट्याने वीसची नोट काढून दिली.

आता लिफ्ट. जाहिरातीत "लिफ्ट आहे" असं लिहिलेलं, ते खरंच आहे. जिन्याच्या मधल्या मोकळ्या जागेत जाळीचा पिंजरा, आत लाकडी डबा, बसायला अरुंद फळी, आरसा, आणि बटणांच्या शेजारी लोखंडी पेटी. त्या पेटीत दहा सेंटचं नाणं टाकल्याशिवाय डबा हलत नाही. नेपल्सच्या जुन्या इमारतींत ही पद्धत अजून टिकून आहे. लिफ्टचा खर्च वापरणाऱ्याने भरायचा. पहिल्या रात्री आमच्याकडे दहा सेंट कुठले? पन्नासच्या नोटा घेऊन, दोन बॅगा मध्ये ठेवून, आम्ही दोघी त्या पिंजऱ्यात उभ्या. शेवटी बाईच चपला फटफटवत जिना उतरून खाली आल्या, खिशातून नाणं काढून टाकलं, आणि स्वतः पुन्हा जिन्याने वर गेल्या, कारण डब्यात तिसऱ्याला जागा नव्हती.

दुसरी गोम दारांची. लाकडी झडपा दोन, बाहेरचं जाळीचं दार तिसरं. तिन्ही नीट लावून बाहेर पडलं नाही तर लिफ्ट त्या मजल्यावर अडकते आणि खालचा माणूस नाणं हातात धरून उभा राहतो. मग तो जिन्याच्या पोकळीत तोंड वर करून ओरडतो: "आशेन्सोरेऽऽ!", म्हणजे लिफ्ट! वरून कुणीतरी पुटपुटत येऊन दार आपटतं. हा पुकारा दिवसातून दहा-बारा वेळा ऐकू यायचा. नंतर नंतर आम्हाला आवाजावरून कळायला लागलं की ओरडणारा दुसऱ्यावरचा आहे की पाचव्यावरचा.

खोलीतलं छत आधी बघा, मग बाकीचं. पंधरा-सोळा फूट उंच, रंगवलेलं, कडेने फुलांच्या माळा आणि कोपऱ्यात गुबगुबीत देवदूत. फक्त हा एकेकाळी एकच मोठा दिवाणखाना असावा, आणि खोल्या वाढवण्यासाठी मध्ये जिप्समची भिंत घातलेली. भिंत बरोबर देवदूतावरून गेलीय. डोकं आणि एक पंख आमच्याकडे, पाय शेजारच्या जर्मन जोडप्याकडे. आणि ती भिंत किती जाड? शेजारचे गृहस्थ चष्म्याची डबी मिटत, तोही आवाज यायचा. पलंग चांगला, चादरी पांढऱ्याशुभ्र आणि इस्त्रीच्या. याबाबतीत बोट ठेवायला जागा नाही.

बाथरूम खोलीच्या कोपऱ्यात बसवलेली. त्यात शॉवर इतका अरुंद की साबण पडला तर तो उचलायला बाहेर यावं लागतं, पण बिडेला, म्हणजे शौचानंतर धुवायच्या बुटक्या बेसिनला, मात्र जागा काढलेली. इटलीत १९७५ पासून घराच्या निदान एका बाथरूममध्ये बिडे हवाच असा नियम आहे, त्यामुळे बिडे ही तिथे चैन नाही, सवय आहे. युरोपात इतरत्र कागदाशी झुंजून आलेल्या आपल्या माणसांना याचं मोल सांगायला नको. एवढ्या एका गोष्टीसाठी मी इटलीला दोन गुण जास्त देते.

शॉवरमध्ये एक दोरी लोंबत होती. जाऊबाईंना वाटलं, वाफ काढायच्या पंख्याची असेल. ओढली. काही झालं नाही, म्हणून आणखी दोनदा ओढली. मिनिटभरात खोलीच्या दारावर धडाधड थापा. ती संकटकाळची घंटा होती. पाय घसरून पडलात तर हाताशी असावी म्हणून लावलेली. बाई हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन, चेहरा पांढराफटक. मी "ऑल राइट, ऑल राइट" म्हणते आहे, आतून जाऊबाई मराठीत "कोण आहे गं?" विचारताहेत. तेव्हापासून ती दोरी आम्ही खुंटीला गुंडाळून ठेवली. तसं करू नये, हे मला कळतं.

गरम पाण्याची टाकी छोटी. पहिलीला गरम, दुसरीला कोमट, अशी वाटणी. दिवसाआड क्रम बदलून आम्ही ती मिटवली.

थंडीची तक्रार मात्र मी जोरात केली. रात्री फरशीवर पाय ठेवला की झिणझिण्या यायच्या आणि खिडकीखालचा लोखंडी रेडिएटर बर्फासारखा गार. सकाळी बाईंना त्याच्याकडे बोट दाखवून विचारलं. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नेलं आणि १५ तारखेवर बोट ठेवलं. इमारतीचा बॉयलर सगळ्यांचा मिळून. नेपल्समध्ये अशी हीटिंग १५ नोव्हेंबर ते ३१ मार्च एवढ्याच काळात, आणि दिवसाला जास्तीत जास्त दहा तास लावायची परवानगी असते. कुठल्या शहराने किती महिने आणि किती तास, हे त्याच्या हवामानाप्रमाणे ठरवून दिलेलं आहे. आम्ही १२ला निघणार. बाईंनी दोन जास्तीच्या लोकरी घोंगड्या दिल्या. नियमापुढे आपण काय बोलणार? पण नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जाणार असाल तर लोकरी मोजे घेऊन जा.

पहिल्या रात्रीची खोली रस्त्याकडेची होती. बाल्कनीतून खाली त्रिबुनाली. ही वाट ग्रीकांनी आखलेली. नेआपोलिस, म्हणजे नवं शहर, वसवताना त्यांनी पूर्व-पश्चिम जे तीन समांतर रस्ते काढले त्यातला हा मधला, आणि अडीच हजार वर्षांत त्यावरची रहदारी कमी झाल्याची चिन्हं नाहीत. साडेबारापर्यंत पिझ्झेरियांसमोरच्या रांगांचा गलका. एकला कुणाच्या तरी वाढदिवसाचे फटाके. अडीचला काचेच्या बाटल्यांची गाडी आली आणि शंभरेक बाटल्या एकदम तिच्यात ओतल्या गेल्या. साडेसहाला चर्चची घंटा. स्कूटरी मोजल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी चौकाकडची खोली मागितली आणि बाईंनी कुरकूर न करता दिली. तिथे बाल्कनी नाही, देखावा नाही, ऊनही नाही. पण रात्री अकरानंतर झोप लागते. सकाळी कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांच्या कप्प्या करकरतात. समोरच्या पाचव्या मजल्यावरच्या आजी रोज दहाला दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायच्या. खालचा पोरगा त्यात पाव ठेवायचा, आजी हळूहळू वर ओढायच्या. मध्ये तिसऱ्या मजल्यापाशी टोपली आमच्या खिडकीसमोरून जायची. तिसऱ्या दिवशी आजींनी आमच्याकडे बघून मान हलवली. बाल्कनी गेल्याचं दुःख तिथे संपलं.

नाश्ता हॉटेलात नाही. रोज दोन कुपनं मिळतात, ती खालच्या कॅफेत द्यायची. एक कॅपुचिनो आणि एक कॉर्नेत्तो, म्हणजे इटलीचा क्रोसाँ, उभ्याने. खुर्चीत बसलात तर वेगळा दर. कॉफीआधी छोट्या ग्लासात पाणी देतात, ते आधी प्यायचं. कॉफी अप्रतिम. शाकाहारी मंडळींसाठी सांगते: तिथली पदर सुटणारी शंखाच्या आकाराची स्फोल्यातेल्ला दिसते खारीसारखी, पण तिच्या पदरांत परंपरेने डुकराची चरबी असते. ताराली नावाच्या खाऱ्या कड्यांचंही तेच. जाऊबाईंनी चार दिवस मारिनारा पिझ्झा खाल्ला. टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, चीज नाहीच. मला मार्गेरितापेक्षा तोच जास्त आवडला, पण हे नेपल्समध्ये मोठ्याने बोलले नाही.

चहाचा प्रसंग वेगळाच. खोलीत किटली नसते. जाऊबाईंनी घरून आणली होती, तिचा तीन जाड पिनांचा प्लग, आणि इटलीच्या सॉकेटला एका ओळीत तीन बारीक भोकं. मोबाइलचा दोन पिनांचा चार्जर बसतो, हा बसणं शक्यच नाही. बाईंनी पातेल्यात पाणी उकळून दिलं. मग त्यांनी आम्हाला आलं किसताना बघितलं, दूध टाकताना बघितलं, पुन्हा उकळताना बघितलं, आणि शेवटी एक घोट घेऊन बोटांचं टोक करून हवेत हलवलं. त्याचा अर्थ आम्ही "छान" असा लावला होता. आता वाटतं, "हे काय चाललंय?" असा असावा.

पत्त्याला मात्र पैकीच्या पैकी. हेच या जागेचं भांडवल. स्टेशनापासून चालत पंधरा-वीस मिनिटं, विमानतळावरून स्टेशनपर्यंत आलिबस ही बस पाच युरो. रस्ते ज्वालामुखीच्या काळ्या दगडाच्या फरशांचे आहेत, चाकांच्या बॅगेचा खुळखुळा होतो. पुतळ्यांची सान ग्रेगोरिओ आर्मेनो गल्ली दोन मिनिटांवर, संत जेन्नारोचं कॅथेड्रल पाच. कपेला सान्सेवेरो या चॅपेलमधला झिरझिरीत चादरीखालचा ख्रिस्त, शिल्पकार सान्मार्तिनोने १७५३ मध्ये एकाच संगमरवरातून काढलेला, इतका जवळ की आम्ही निवांत निघालो आणि तिकिटं संपलेली. ऑनलाइन आधीच काढा. मंगळवारी बंद असतं.

सान गाएतानो चौकातून जमिनीखाली चाळीस मीटर उतरता येतं. घरं बांधायला टफ, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा पिवळा दगड, खालून काढला, राहिलेल्या पोकळ्यांत पाणी साठवलं, आणि प्रत्येक वाड्याच्या चौकातून विहीर थेट त्या टाक्यांत. १८८४ च्या कॉलऱ्यानंतर नळाचं पाणी आलं आणि विहिरी बंद झाल्या. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बपासून लपायला लोक याच पोकळ्यांत राहिले. परत आल्यावर चौकातली विहीर आम्ही नव्या नजरेने बघितली. बाईंनी हातवारे आणि फोनवरचं भाषांतर यांच्या मदतीने सांगितलं की या विहिरीतून मुनाचिएल्लो घरात येतो. छोटा साधूबाबा, आवडलात तर पैसे ठेवून जातो, नाही आवडलात तर वस्तू पळवतो. टाक्या साफ करणारे कामगार विहिरीतून चढून घरात डोकावत, त्यातून ही गोष्ट निघाली असंही म्हणतात. जाऊबाईंनी लगेच टेबलावरची दहा सेंटची नाणी मोजली. दोन कमी होती. बाई खो खो हसल्या.

पाचांत साडेतीन गुण. वीस युरोचा अर्धा आणि भिंतीचा एक कापलाय. बुकिंग करताना चौकाकडची खोली लेखी मागा, आणि जागेला सरकारी ओळख क्रमांक आहे का बघा. जानेवारी २०२५ पासून तो जाहिरातीत आणि दारावर असणं सक्तीचं आहे.

निघायच्या सकाळी नाणं तयार होतं, पण लिफ्ट पाचव्यावर अडकलेली. मी जिन्याकडे बॅग वळवली. चौऱ्याऐंशी पायऱ्या, चढताना मोजल्या होत्या. तेवढ्यात जाऊबाईंनी पिशवी खाली ठेवली, जाळीला तोंड लावलं, आणि अख्खा वाडा दणाणून सोडला: "आशेन्सोरेऽऽ!" वर कुठेतरी दार आपटलं.