घातक कचरा उचलणारी सर्व्हिस, भोसरी एमआयडीसी: चार स्टार, पाचवा का नाही तेही सांगतो

आमचं भोसरीत पावडर कोटिंगचं, म्हणजे धातूच्या पार्टवर पावडरचा रंग चढवायचं युनिट आहे, त्याआधी पार्टवरचं तेल काढणं (डीग्रीझिंग), ॲसिडने गंज काढणं (पिकलिंग), फॉस्फेटचा थर देणं (फॉस्फेटिंग) सगळं टाक्यांमध्ये चालतं आणि तळाला जो राखाडी चिखल बसतो तो फॉस्फेट स्लज, शिवाय ईटीपीचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लान्टचा स्लज, तेलकट कॉटन वेस्ट आणि केमिकलचे रिकामे कॅन. हे सगळं २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं, घंटागाडीत टाकता येत नाही आणि भंगारवाल्याला तर अजिबात द्यायचं नाही. यांच्याकडून आम्ही रेग्युलर पिकअप घेतो, आणि एस्टेटमधले बरेच जण विचारतात म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सगळ्यात चांगलं काय तर यांचं मॅनिफेस्टचं, म्हणजे कचऱ्यासोबत जाणाऱ्या कागदांचं काम चोख आहे. फॉर्म १० च्या सात कॉप्या असतात, प्रत्येकीचा रंग वेगळा. पिवळी ड्रायव्हरची सही घेऊन आपल्याकडे राहते आणि निळी, माल रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या सामायिक केंद्रात उतरल्यावर तिथल्या सहीशिक्क्यासकट आपल्याकडे परत यायला पाहिजे. ही निळी कॉपी हातात येईपर्यंत आपला माल पोचला असं धरायचंच नाही. गाडी गेटबाहेर पडली की आपण सुटलो असं खूप जणांना वाटतं पण तसं नाहीये, वाटेत कुणी नाल्यात ओतलं तरी कचरा ज्याच्या युनिटचा त्यालाही बोर्ड (प्रदूषण नियंत्रण मंडळ) जबाबदार धरतं. यांच्याकडून निळी कॉपी न मागता येते, आणि मला विचाराल तर एजन्सी चांगली की वाईट हे ओळखायची हीच एक खूण. याआधी दुसरा एक जण होता (नाव नको), रेट कमी, माल लगेच उचलायचा, पण कॉपी मागितली की उद्या देतो परवा देतो. बंद केला त्याला.

यांची पोरं बॅरल बघून घेतात हेही आवडलं. शेजारच्या युनिटचा एक बॅरल माझ्यासमोर परत ठेवला, झाकण उघडलं तर स्लजवर बोटभर पाणी. ड्रायव्हर म्हणाला, "दादा, हा नाही घेता येणार, लॅन्डफिलला पाणी चालत नाही, ड्राइंग बेडवर टाका, सुकू द्या, पुढच्या खेपेला नेतो." शेठ जरा तापले पण पोरगा बरोबरच होता. लॅन्डफिल म्हणजे कचरा पुरायचा खड्डा, त्याला खाली माती आणि एचडीपीई प्लॅस्टिकचं अस्तर असतं, झिरपलेलं पाणी गोळा करून ट्रीट करावं लागतं, मग वरून अजून पाणी कशाला घालायचं. आमच्या स्लजमध्ये झिंक, निकेल असतं, ते आधी सिमेंट चुना वगैरे मिसळून बांधून टाकतात आणि मगच पुरतात. तेलकट चिंध्या, पेंटचा गाळ असलं जळणारं इन्सिनरेटरला (कचरा जाळायच्या भट्टीत) जातं, तिथे दुसऱ्या चेंबरला अकराशे डिग्रीच्या आसपास टेंपरेचर ठेवतात. राज्यात अशा सामायिक जागा मोजक्याच आहेत, तळोजा, महापे, बुटीबोरी आणि आपलं रांजणगाव, म्हणजे पुण्यातल्या लोकांना त्या मानाने जवळ पडतं, तरी लोक का टाळतात कळत नाही.

आणि टाळतात तेव्हा काय होतं ते आपण सगळे बघतोच. आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस येतो, वारकरी त्यातच आंघोळ करतात. त्यात गावाचं सांडपाणीही आहे हे मान्य, पण आपल्या टाकीतलं एक लिटरही त्यात जायला नको असं मला मनापासून वाटतं.

बाकी सर्व्हिस ठीक. पहिल्यांदा सॅम्पल नेऊन तपासतात, त्याला वेळ लागतो, घाई करू नका. लेबल हेच देतात, पिवळ्यावर लाल अक्षरात, मराठी हिंदी इंग्लिश तिन्हीत, पावसात न जाणारं. ट्रेम कार्ड (वाटेत अपघात झाला तर काय करायचं ते लिहिलेलं कार्ड) ड्रायव्हरच्या केबिनमध्ये असतं, मी स्वतः बघितलंय. रेट भंगारवाल्याच्या उलट आहे, तो आपल्याला पैसे देतो आणि इथे आपण द्यायचे, पण कॉस्टिंगमध्ये धरून चाला, जॉबवर्कच्या रेटमध्ये किलोमागे फार काही वाढत नाही.

आता पाचवा स्टार. छोट्या युनिटचा माल कमी म्हणून गाडी भरेपर्यंत थांबवतात. मोठ्या कंपन्यांना लगेच तारीख मिळते, आम्हाला "बघतो साहेब, त्या साइडला गाडी आली की सांगतो". नियमाप्रमाणे हा कचरा ९० दिवसांच्या वर साठवता येत नाही, वाढीव मुदत पाहिजे तर बोर्डाकडे जावं लागतं, आणि पावसाळ्यात शेडमध्ये बॅरल पडून राहिले की जीव टांगणीला लागतो, एखादं झाकण गळलं तर पाणी सरळ गटारात. फोनवरच्या ताई व्यवस्थित बोलतात, राग त्यांच्यावर नाही, पण गाडीची तारीख त्यांच्या हातात नसते असं दिसतंय.

यांच्यापैकी कुणी वाचत असेल तर एक करा, छोट्या युनिटसाठी महिन्यातला एक वार ठरवून टाका, आमच्या गल्लीतले चार पाच जण मिळून माल सुकवून, लेबल लावून, प्रत्येकाचं मॅनिफेस्ट वेगळं भरून तयार ठेवतो, तुमची गाडीही भरेल.